व्यंकटच्या पाठीला कान

बर्फातल्या त्या पोस्टवर आम्ही आठ जण, म्हणजे चार जोड्या. जोडीदाराला फौजेत बडी म्हणतात. माझा बडी लान्स नायक व्यंकट, देगलूरचा. मी अहमदपूरचा. तिथं एवढ्या लांब देगलूरचा म्हणजे घरचाच माणूस.

रोज सोळाशे वाजता, म्हणजे दुपारी चारला, एकमेकांचे मोजे काढून बोटं दाबून बघायची. बर्फात आपला पाय मेला तरी आपल्याला कळत नाही. मग बडीच्या पाठीला कान लावून श्वास ऐकायचा आणि रेडिओवर बेसला कळवायचं, "बडी ओके. ओव्हर."

एके दिवशी व्यंकट खोकत होता. माझे पाय त्यानं नेहमीसारखे बघितले, चोळून दिले. मी कान लावायला गेलो तर म्हणाला, "सोड की. थंडीचा खोकला हाय." स्टोव्हवर चहा उकळत होता. मला आळस आला. मी रेडिओ उचलला आणि बडी ओके म्हणून मोकळा झालो.

सकाळी सातला त्याला बोलता येईना. छातीत पाणी झालं होतं. मी हेलिकॉप्टर मागितलं.

"हवा खराब. वेट करा. ओव्हर."

हवा साडेदहाला उघडली. व्यंकट दहाला गेला होता.

पुढं मला दुसरे बडी मिळाले. ड्यूटी चोख केली, जीव कुणाला लावला नाही. पेन्शनीत अहमदपूरला परत आल्यावर बायको म्हणायची, माणसांत बसत जा. मी स्टँडसमोरच्या हॉटेलात पेपर तोंडापुढं धरून बसायचो. तिथं माधवराव भेटले. एसटीचे रिटायर कंडक्टर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तोंडाला खळ नाही. मी पेपर धरला की ते समोर बसून मागच्या पानावरच्या बातम्या मोठ्यानं वाचायचे. लई राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात मी बूट काढून बसलो होतो, तेव्हा वाचता वाचता ते थांबले. "फौजी, तुमच्या मोज्याला रक्त हाय."

बुटातला खिळा वर आला होता. मला शुगर, पाय बधिर, पत्ताच नाही. ते मोजा काढायला वाकले. मी पाय मागं घेतला. मोठ्या माणसानं पाय धरायचे म्हणजे काय?

"गप बसा," म्हणाले आणि धरलाच. त्याच दिवशी एसटीनं नांदेडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, चार दिवस उशीर झाला असता तर बोटं गेली असती. तेव्हापासून रोज चारला माधवराव माझे पाय बघतात. पहिल्या दिवशी मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं, दुखतंय.

परवा ते खोकत होते. विचारलं तर म्हणाले, "बिडीचा खोकला हाय, जुना."

मी कप खाली ठेवला. सगळ्या हॉटेलासमोर त्यांचा सदरा वर केला आणि पाठीला कान लावला.

"लोक हसून राहिले, फौजी."

"हसू द्या. श्वास घ्या."

डावी बाजू ऐकली, उजवी ऐकली. दोन्ही साफ.

"बडी ओके," मी म्हणालो.

"कुणाला सांगून राहिलात?"

"व्यंकटला."

मग त्यांना सगळं सांगितलं. तो खोकला, तो चहा, रेडिओवर मी बोललेलं खोटं. इतक्या वर्षांत हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. माझं संपलं तसे माधवराव वाकले आणि माझा मोजा काढून बोटं दाबून बघायला लागले.