वसंताचा अर्धा राहिलेला डाव

वसंता गेल्याचा निरोप घेऊन शंकर टेलर शाळेत आला, तेव्हा मी वर्गावर होतो. "गेला बे आपला वसंता," एवढंच म्हणाला अन् पायरीवर बसला. महिना होत आला, पण चार दिवस आधी मी वसंताला जे बोललो, ते अजून मनातून जात नाही...

आमच्या सोनाळा गावात तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सात वर्षांपूर्वी त्याच्या मनात आलं, आपण तिघांनी एक खेळ तयार करायचा. खेळात सातपुड्यातून बांबूची गाडी भरून गावात आणायची. फाशांऐवजी चिंचोके, अन् शंकरच्या दोऱ्याची रिकामी रिळं म्हणजे गाड्या. मांजरपाटावर त्यानं घाट, नदी, जंगलखात्याचा नाका सगळं झकास रंगवलं. दिवाळीला गावातल्या पोरांना खेळ द्यायचा, असं ठरलं.

कसलं काय! दर रविवारी डाव अर्ध्यात आला की कुणीतरी नवा नियम काढून डाव मोडायचा. शंकर हरायला लागला की म्हणे, "थांबा, नाक्यावर पास पाह्यजे." मी हरायला लागलो की नदीला पाणी यायचं. नवा नियम काढायची मजाच भारी! वसंता मुकाट्यानं नवं कापड घेऊन पुन्हा रंगवायचा. नियम कागदावर उतरवायचं काम माझं. आज लिहितो, उद्या लिहितो... "मास्तर, एक डाव तरी पुरा खेळ ना बे," असं तो हसून म्हणायचा.

त्या शेवटच्या रविवारी तो खाटेवरच होता. डॉक्टरांनी हात टेकलेत, हे त्यालाही ठाऊक होतं. "आज पुरा खेळून घेऊ," म्हणाला. अन् मी दीडशहाणा म्हणालो, "आधी नदीचा नियम नीट बसू दे. पुढच्या रविवारी खेळू." "बरं," म्हणाला. गुरुवारी गेला. काऊन बोललो मी तसं? भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

तेरवीनंतर शंकरनं अन् मी ते कापड पसरलं. एकही नवा नियम न काढता खेळलो. माझं रीळ शेवटच्या घरात पोचलं. सात वर्षांत तिथवर कुणी गेलंच नव्हतं. वाकून पाहिलं, तर त्या इवल्याशा घरात वसंतानं तीन माणसं काढली होती, चहा पीत बसलेली.

"मंग जितलं कोण?" शंकरनं विचारलं.

मला रडू आवरेना. तासाभराचा तर डाव होता रे... त्या रविवारी सहज झाला असता.