कोणी विचारलं

पुंजारामांविषयी मला फार थोडं माहीत आहे. अकरा वर्षं आम्ही संध्याकाळी एका बाकावर बसलो, पण त्यांच्या घरी मी दोनदाच गेलो. दुसऱ्यांदा गेलो ते अंत्यदर्शनाला. त्यांच्यावर लिहिणारा मी कोण, हे मलाही कळत नाही.

ते मूळचे हरसूलचे. जिल्हा परिषदेत आकडेवारीच्या टेबलावर नोकरी झाली, मग पंचवटीत आमच्या कॉलनीत आले. टीव्हीवर निवडणुकीची जनमत चाचणी लागली की बाकावरचे सगळे त्यांच्याकडे वळत.

"काय भाऊ, कोणाचं सरकार?"

"आधी सांगा, किती जणांना विचारलं, कुठं विचारलं आणि कोणी विचारलं?" शेवटच्यावर त्यांचा फार जोर. "पोलिसानं विचारलं तर एक उत्तर, सासऱ्यानं विचारलं तर दुसरं."

"आणि बायकोनं विचारलं तर?" रिक्षावाला गोटीराम चिडवायचा.

"तर उत्तरच नाही."

मागच्या विधानसभेला त्यांची मुलगी मंजुषा अपक्ष उभी राहायचं म्हणत होती. हरसूलकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत ती शिक्षिका. पाड्यांवरच्या पाण्यासाठी तिनं बरीच खटपट केली होती. पण अर्ज भरायचा तर आधी राजीनामा द्यावा लागणार, आणि नवरा गेल्यापासून दोन लेकरांचा आधार ती नोकरीच.

ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, तुम्ही आकडे काढा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

पुंजाराम हरसूलचे सलग चार आठवडे बाजार फिरले. कागद धरायला मी सोबत. ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर झाड नाही. बायडाबाई नावाच्या भाजीवालीनं त्यांना पाहताच गोणपाट झटकलं.

"तुम्ही बाईंचे वडील ना? बसा. चहा सांगते."

"आधी सांगा, मत कोणाला देणार?"

"तुमच्या पोरीलाच की! लय गुणाची हाय."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदावर खूण केली आणि पुढच्या दुकानाकडे गेले. मी मागे राहिलो होतो. बायडाबाई शेजारणीला म्हणाली, "म्हातारा उन्हात हिंडतोय. त्याला तोंडावर नाय कसं म्हणायचं?"

परतीच्या एसटीत त्यांनी बेरीज तीनदा केली. चारशेपैकी दोनशे सव्वीस.

"तुम्हाला काय वाटतं?" अकरा वर्षांत त्यांनी मला असं एकदाच विचारलं.

मी म्हणालो, "तुम्हाला जास्त कळतं."

मंजुषानं राजीनामा दिला. तिला नऊशे चार मतं पडली. आता ती निफाडला एका खासगी शाळेत तासिकेवर शिकवते, जेव्हा तास मिळतात तेव्हा.

निकालानंतर पुंजाराम बाकावर येत, पण त्यांना आकडे कोणी विचारत नसे. त्यांना स्वतःलाच सगळं उमगलं होतं का, मला ठाऊक नाही. बायडाबाईचं बोलणं त्यांना सांगावं, असं मी रोज घरून ठरवून निघायचो. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही दोघंच होतो.

"भाऊ, त्या बाजारात ती बायडाबाई..."

"कानाला मफलर बांधा," ते उठत म्हणाले. "गार वारं सुटलंय."

"हो. उद्या येताय ना?"

"बघू. ऊन पडलं तर येतो."