चौदा वर्सांनी उन्नती एकोणीसची

"चौदा वर्सं, गिरजाबाई! चौदा वर्सात सुटते तो. करा सही, नाई तं पस्तावान."

"हे तुमाले कोनं सांगतलं, भैय्याजी?"

"सांगा काय लागते? आमी प्लांटातून साठाले रिटायर होतो, जन्मठेपवाला चौदाले. अख्ख्या सुपेल्याले मालूम हाय."

गिरजाबाईचा पाय मशीनवर चालूच होता. वेल्डरांचे जाड हातमोजे शिवते ती, प्लांटजवळच्या सुपेला वस्तीतल्या एका खोलीत. जावयानं, नरेशनं, तिची मोनाली जाळली, तान्ह्या लेकरासकट. वाचली ती मोठी उन्नती, तेव्हा पाच वर्षांची. कोर्टात तीच बोलली, "बाबानं बाहेरून कडी लावली." खालच्या कोर्टानं फाशी दिली. ती कायम ठेवायची का जन्मठेप द्यायची, ते आता बिलासपूरचं हायकोर्ट ठरवणार. विहारात वंदना झाल्यावर तिथलं काम पाहणाऱ्या भैय्याजीनं फाशीच्या अर्जावर साऱ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. सगळ्यात वरची जागा मोनालीच्या मायसाठी सोडलेली.

दोन वर्षं ती स्वतःही फाशीच मागत होती. त्याची चौदा वर्षं भरतील तेव्हा पोरगी एकोणीसची होईल अन् हा दारात येऊन उभा राहील, हेच भेव.

"काल बिलासपूरले गेल्ती मी," ती म्हणाली. "सरकारी वकीलबाईले इचारलं. ते म्हने, हायकोर्ट लिहू शकते, का हा मरेपर्यंत अंदरच. सूट नाई, माफी नाई. मी म्हनलं, बाई, हे दोन वर्सं कावून नाई सांगतलं? तं म्हने, कोनी इचारलंच नाई."

"वकिलाचं काय आयकता! अन् नाई लिहिलं तं?"

"त्याचंच तं भेव हाय." आता मशीन थांबली. "पन फासी झाली तं पोरीले कोन सांगन, का तुह्या बोलन्यानं बाप लटकला? तुमी येसान सांगाले?"

भैय्याजीनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"दोनशे मानसं सही करून बसले, अन् माय मांगं हटते. लोकं काय म्हनतीन?"

"म्हनू द्या. ते पोरगी माह्याजवळ झोपते, लोकाईजवळ नाई. अर्ज बदलवा. लिहा, मरेपर्यंत अंदर. त्याच्यावर करतो मी सही, पयली."

"मंग साऱ्याईच्या सह्या पुन्हा घ्या लागतीन."

"घ्या."

अर्जाची घडी करून तो कुरकुरत गेला. गिरजाबाईनं चष्मा वर सारला, तुटलेला दोरा पुन्हा ओवला. दुपारी ठेकेदाराची गाडी येणार होती. उजव्या हाताचे मोजे झाले होते, डावे सारेच बाकी.