जावईबापूंचा दोन डोळ्यांचा चेंडू

ती बाई बावीस वर्षं इमारती मोजत होती, आणि एवढ्या वर्षांत एकही माणूस तिच्या मापात बसला नव्हता. कुठलाही नकाशा समोर धरा, 'रेघ सूतभर सरकलीय' हे ठरलेलं. म्हणून ऑफिसात तिचं नाव सूतबाई पडलं. घरी तिचा शिंपी नवरा भिंतीवरचं कॅलेंडर मुद्दाम बोटभर तिरकं करून ठेवायचा. बायको ते चपला काढून सरळ करते की चपलांसकट, यावर मायलेकाची पैज. 'चपलांसकट' म्हणणारी सासू एकदाही हरली नाही.

सध्या काम होतं जुन्या वाचनालयाच्या सभागृहाचं. दगडी भिंतीतले ओलीनं कुजलेले दगड काढून नवे बसवायचे होते. तिवईवरचं लेझर मशीन गोल फिरून सगळी भिंत ठिपक्यांत उतरवायचं, माप अगदी चोख. पण ठिपके सगळे राखाडी. कुजका दगड कुठला नि धड कुठला, काही कळायची सोय नाही. म्हणून चौफेर फोटो काढणारा वेगळा कॅमेरा घ्यायचा आणि त्याचे रंग त्या ठिपक्यांवर चढवून चित्र कागदावर छापायचं. त्या रंगीत कागदावर बघून गवंडी छिन्नी लावणार, आणि कागदाखाली सही सूतबाईची.

ऑफिसच्या मालकांच्या जावईबापूंनी कॅमेरा आधीच पसंत करून ठेवला होता. मुठीएवढा चेंडू, पुढे एक डोळा, मागे एक. चेंडू मशीनच्या टाळक्यावर काठी लावून बसवला की झालं.

"वीस सेकंदांत हॉल रंगीत, मावशी!"

"मावशी तुमच्या घरी," सूतबाई म्हणाली. "फुगा आणलाय का वाढदिवसाला?"

तिची पसंती होती एका जड, फुगीर भिंगाच्या कॅमेऱ्याला. मशीन तिवईवरून उतरवायचं, आणि मशीनचा डोळा जिथं होता बरोबर तिथंच कॅमेऱ्याचा डोळा आणून आठ फोटो काढायचे. एका जागेला दहा मिनिटं.

"दहा मिनिटांत मी अख्खा मजला उरकतो!"

"उरकालच. लग्न उरकल्यासारखा."

मालक खोकले. शेवटी ठरलं, दोन्ही कॅमेरे आठवडाभर मागवायचे आणि एकाच भिंतीवर चालवून बघायचे. सूतबाईनं नखानं भुगा पडणारा एक दगड शोधला आणि त्यावर खडूनं ठसठशीत फुली मारली.

जावईबापूंचा कागद आधी आला. रंग असे की मिठाईचं दुकान. गवंडीकाकांनी कागद भिंतीशी धरला, कागदावर फुली होती तो दगड हातोडीनं ठोकला आणि थांबले.

"ताई, हा तर ठणठणीत वाजतोय. याला फोडू?"

फुली कागदावर एक दगड खाली उतरली होती. म्हणजे चांगला दगड फुटणार, कुजका वाचकांच्या डोक्यावर तसाच राहणार, आणि खाली हिचं नाव.

"तुमचा चेंडू मशीनच्या वर वीतभर बसलाय," ती म्हणाली. "तो बघतो वीतभर वरून, आणि तुम्ही रंग चढवलेत मशीनच्या डोळ्यातून बघितल्यासारखे. मग रंग वीतभर खाली पडणार नाही तर काय?"

जावईबापूंनी कॉम्प्युटरात उंची भरली. फुली जागेवर आली. आता हार कोण घालतंय असं त्यांनी चौफेर पाहिलं. तेवढ्यात गवंडीकाका वाकले.

"भिंतीला लिपस्टिक कुणी लावली?"

हॉलमधल्या सज्ज्याच्या लाल कठड्याचा पट्टा मागच्या चार दगडांवर चढला होता. मशीनला कठड्याखालून जी भिंत दिसत होती, तिथं वरच्या चेंडूला कठडाच दिसला होता.

"याला मात्र उंची भरून उपाय नाही," सूतबाई म्हणाली. "जिथून मशीननं बघितलं, तिथूनच बघावं लागतं. एवढंसंच आहे, पण त्याला दहा मिनिटं लागतात."

मग तिचा कागद आला. फुली फुलीच्या जागी, कठडा कठड्यापाशी, आणि भिंतीवर जावईबापू दोनदा. आठ फोटो होईस्तोवर फोनवर बोलत ते हॉलमधून फिरले होते. एका ठिकाणी डोक्यासकट उमटले होते, दुसऱ्या ठिकाणी बिनडोक.

"हा दोष आहे, मान्य," ती म्हणाली. "माणसं आधी बाहेर काढायला हवीत. यापुढं काढीन."

गवंडीकाका तोंड फिरवून खांदे हलेस्तोवर हसले.

मालकांनी दोन्ही कागद टेबलावर पसरले. घरात लेक आणि समोर सूतबाई, माणूस पार चेपला होता. शेवटी म्हणाले, "दोन्ही घेऊ. सूतबाई, तुम्ही सगळ्यांवर सही करा, म्हणजे विषय संपला."

तिनं आपल्या कॅमेऱ्याच्या कागदांवर सही केली. जावईबापूंचे कागद ओढून घेतले, तेव्हा मालकांचा जीव भांड्यात पडला. तिनं सहीची जागा मोकळी सोडली आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'हे चित्र भिंतीवर टांगावे. हे पाहून भिंत फोडू नये.'