मिठाच्या जागी

माधवच्या वाटणीचा दुधीचा रस हातात धरून मी पार्कच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा, सुधावहिनींचा फोन आला. माधवला हार्ट अटॅक. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं... तो ग्लास मी कुठे ठेवला, आठवत नाही.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माधव आणि मी शेजारी होतो. निवृत्तीनंतर नोएडातही एकाच सोसायटीत आलो. माधवचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं, तेव्हा डॉक्टरांनी रोज रात्री स्टॅटिनची एक गोळी दिली. विसरू नये म्हणून जेवताना तो ती ताटात मिठाच्या जागी ठेवायचा. वहिनी मीठ वाढायला आल्या की म्हणायचा, "थांब, ती सीट रिझर्व्ह आहे." काही महिन्यांनी त्याचा रिपोर्ट उत्तम आला. पार्कात मोठ्या अभिमानाने तो मला दाखवला, आणि औषधांतलं काही न कळणारा मी म्हणालो, "अरे, पास झाल्यावर कोणी ट्यूशनला जातं का? बंद कर. दुधीचा रस पुरे." डॉक्टरांना विचारतो, म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटलं, रोज चिडवलं. शेवटी हसून म्हणाला, "चलो, तुझं ऐकतो यार."

तेराव्याला वहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भाऊजी, यांनीच हेळसांड केली. माझं ऐकलंच नाही." लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली... म्हणून हे लिहितोय. माधव निष्काळजी नव्हता. गोळी मी बंद करायला लावली. परवा वहिनींना जाऊन सांगितलं. त्या ऐकून आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत.

मधल्या काळात माझंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी तीच गोळी लिहून दिली. म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला तरी मनाने सोडू नका. तो गोळीमुळेच चांगला येतो. यकृत कोलेस्टेरॉल बनवतं, ते ही गोळी कमी करते. सोडली की पुन्हा वाढतं." मी माधवबद्दल विचारलं. गोळी असती तर तो वाचलाच असता असं सांगता येत नाही, धोका मात्र कमी झाला असता, म्हणाले. या शंकेचा आधार घ्यायचा बराच प्रयत्न केला. मिळत नाही.

आता माझ्याही ताटात ती गोळी मिठाच्या जागी असते. बायको मीठ घेऊन येते, थबकते, परत जाते. गोळी आपलं काम करील, रिपोर्ट चांगला येईल. आमटी अळणी लागली तरी मी मीठ मागत नाही.