सत्काराची शाल आणि बागेसमोरचा रस्ता

नगरपालिकेने माझा सत्कार केला, त्याला आता तीन महिने होत आले. शाल झेंडूच्या रंगाची आहे, काठाला सोनेरी चमक आहे आणि अंगावर घेतली की खाजते. ज्याने ती खरेदी केली त्याने ती स्वतःच्या खांद्यावर कधी टाकून पाहिली नसणार. सोबतचा नारळ नासका निघाला. फोडल्यावर घरभर जो वास सुटला तो दोन दिवस जाईना. बायको म्हणाली, "सभागृहातली हवा भरली असंल त्याच्यात."

ती शाल मला का मिळाली, ते सांगायला मला लाज वाटते. पण मी शाळेत मराठी शिकवतो, गावातल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये माइक धरतो, आणि लाज वाटली म्हणून गोष्ट सांगायची सोडली असं आजवर माझ्या हातून झालेलं नाही.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. माझ्या दारासमोर गावाचा मुख्य रस्ता आणि रस्त्यापलीकडे नगरपालिकेची बाग. बागेत फायबरचं एक हरीण आहे, त्याचे दोन्ही कान लोकांनी उपटून नेलेत. कारंज्याच्या हौदात पाण्याऐवजी गुटख्याच्या पुड्या आहेत. व्यायामाच्या मशिनवर पलीकडच्या गल्लीतल्या चादरी वाळत असतात. बाकावर बसायचं तर आधी कुणी कुठे पिंक टाकली आहे ते वाकून बघावं लागतं. तरीही त्या बागेत एक गोष्ट धड आहे. कडेने सिमेंटचा सपाट पट्टा आहे. गावात सपाट म्हणावी अशी तेवढी एकच जागा.

त्या पट्ट्याची गरज होती ती माझ्या शेजारच्या काकांना. काका एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. मानवत, परभणी, पूर्णा, सगळे रस्ते त्यांनी पायाखालून घातलेले, म्हणजे पायाखाली क्लच आणि ब्रेक होता तेव्हा. मागच्या वर्षी लकव्याचा झटका आला आणि उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सपाट जागेवर चालायचं, चार-सहा महिने खाडा न करता. नाहीतर पाय आहे तसा राहील. घरामागच्या गल्लीत नळाच्या पाइपसाठी खणलेली चारी अजून उघडी आहे. तिथे धडधाकट माणूससुद्धा लंगडतो. म्हणून बाग.

पण बागेत जायचं तर रस्ता ओलांडायचा. सकाळी त्या रस्त्यावरून उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जातात, वर गाणी लावून. शिकवणीची पोरं तिघं-तिघं एका गाडीवर. ऑटो. आणि सायलेन्सर कापलेल्या त्या बुलेट, ज्यांचा आवाज ऐकला की मी खिडक्या लावून घेतो. काका पाय ओढत मधोमध पोचले की मोटारसायकलवाले हॉर्न दाबून धरायचे. एक दिवस एकाने हँडल घासून नेलं. काका पडले. फार लागलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते ओट्यावरच बसायला लागले.

"आमी ब्रेक मारत व्हतो," एवढंच म्हणाले. "हे हॉर्न मारायलेत."

काकू माझ्याकडे आल्या. काकू कमी बोलतात आणि जे बोलतात ते चिमटा काढल्यासारखं. "सर, तुमचं तोंड लय चालतंय. एकदा आमच्यासाठी चालवा. बागेच्या गेटासमोर ब्रेकर पायजे. नगरपालिकेत जाऊन तेवढं मागा."

इतकी वर्षं प्रशासक होता, यंदा निवडून आलेले सभासद बसले होते. सर्वसाधारण सभेत शेवटी आयत्या वेळचे विषय घेतात, तेव्हा अध्यक्षांच्या परवानगीने मला बोलू देतील असं आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांनी कबूल केलं. काकू म्हणाल्या, मी पण येते.

सभागृहात मागच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. पुढे खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल, टेबलांवर भजी, आणि भजी खाऊन बोटं पुसलेली विषयपत्रिका. पहिला अर्धा तास सत्कार. अध्यक्षांनी सभासदांचा केला, सभासदांनी अध्यक्षांचा केला. मग विषय आला, अध्यक्षांसाठी नवीन चारचाकी. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. भजं तोंडात टाकून गिळायला लागतो तेवढाच वेळ लागला. त्यानंतर बागेचा विषय. मला वाटलं आता हौद, चादरी, दिवे निघतील. निघाली कमान. बागेला कमान बांधायची, तिच्यावर कुणाचं नाव, ते वर की खाली, आणि फोटो गोल की चौकोनी. तासभर. त्यातच एकाने दुसऱ्याच्या वडिलांचा उद्धार केला, दुसऱ्याने टॉवेल फेकला, आणि चहा आल्यावर दोघांनी एकाच ट्रेमधले कप उचलले. मला चीड येत होती. खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.

मग माझं नाव पुकारलं.

मी उभा राहिलो आणि समोर माइक दिसला. इथेच घोळ झाला. मी आधी ट्रॅक्टरची नक्कल केली, गाण्यासकट. मग बुलेट केली. सभासद हसायला लागले. मी शिकवणीची पोरं केली, ऑटोवाला केला, आणि टाळ्या पडल्यावर मी काका केले. उजवा पाय ओढत मी सभागृहाच्या मधोमध चाललो, हॉर्न ऐकून दचकलो, पडता पडता टेबल धरलं. लोक डोळे पुसत होते. हसून. मागच्या बाकावर काकू बसल्या आहेत हे माझ्या लक्षात होतं की नव्हतं, याचं उत्तर मी आजही स्वतःला सरळ देत नाही.

"वा सर!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "असा कलावंत आपल्या गावात हाय! सत्कार केल्याबिगर सोडायचं न्हाई. ए, शाल आण रे."

शिल्लक शालींतली एक आली. नारळ आला. फोटो निघाला. आमच्याकडची रीत अशी की सत्कार घेतलेल्या माणसाने त्यानंतर हात जोडून बसायचं असतं. मी हात जोडले आणि बसलो. राष्ट्रगीत झालं. सभा संपली.

जिना उतरताना काकूंनी विचारलं, "अन् ब्रेकर?"

मी ब्रेकर हा शब्दच उच्चारला नव्हता. परत वर धावलो. क्लार्क वही बंद करत होता. त्याने दाखवलं, लिहिलं होतं: नागरिकांपैकी एकांनी वाहतुकीबाबत सुंदर विवेचन केले, त्यांचा सत्कार करण्यात आला.

"विषय मिटला, सर," तो म्हणाला. "सत्कार झाला की आमी विषय मिटला असंच लिहितो."

काकू रस्ताभर माझ्या पुढे चालल्या. दाराशी आल्यावर म्हणाल्या, "चालून लय छान दाखवलंत. ह्यांना सांगू नका."

दुसऱ्याच दिवशी मी लेखी अर्ज दिला आणि पंधरा दिवसांनी गावात ब्रेकर आले. प्रत्येक वॉर्डाला एक, कुणाला कमी-जास्त नको म्हणून. आमच्या वॉर्डाचा ब्रेकर नगरसेवकांच्या स्वतःच्या दारापुढे पडला. त्यांची गल्ली पुढे बंद आहे. तिथे येणारं एकमेव वाहन त्यांचं स्वतःचं, आणि ते त्यावरून रोज आपटून घरी जातं. मी गेलो, बोललो. ते खुर्ची देऊन म्हणाले, "सर, आता तुमीच अशी तक्रार करायलात? आपण तुमचा सत्कार केला ना?"

तोवर काकांचा पाय आणखी आखडला होता. चप्पल पायात राहीना, दोरीने बांधावी लागे.

एका सकाळी काकू माझ्या दारात. "ती शाल कुठंय?"

मला वाटलं, काकांना पांघरायला. मी म्हणालो, "काकू, ती खाजते."

"आणा तर."

त्या शाल घेऊन सरळ रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हातांनी ती उघडून धरली. झेंडूचा रंग, सोनेरी काठ, सकाळचं ऊन. उसाचा ट्रॅक्टर कचकन थांबला, मागे बुलेट थांबली, तिच्यामागे ऑटो.

"काय झालं मावशे?" ट्रॅक्टरवाला ओरडला. "कुणी मेलं का?"

"अजून न्हाई," काकू म्हणाल्या. "म्हणूनच थांबवलंय."

काका ओट्यावरून उतरले. पाय ओढत, कुणाकडे न बघता, पलीकडे पोचले. फाटकाचा खांब धरला आणि मागे न वळता मोठ्याने म्हणाले, "टिंग टिंग!" कंडक्टर दोनदा घंटी ओढून गाडी सोडतो, तशी त्यांनी रस्त्याला सुट्टी दिली. काकूंनी शाल खाली घेतली.

मग ती माझ्या हातात कोंबली. "उद्यापासून तुमी. सत्कार तुमचा झालाय."

तेव्हापासून सकाळी सव्वासहाला आणि पाऊण तासाने पुन्हा एकदा मी रस्त्यात शाल धरून उभा असतो. शिव्या खातो, तोंडाने काहीच करत नाही. शालीला डिझेलचा वास लागलाय, एक काठ सुटलाय. काकांची चप्पल आता दोरीशिवाय पायात राहते.

गेल्या आठवड्यात त्या रांगेत नवी कोरी पांढरी चारचाकी थांबली. हॉर्न वाजला. काच खाली गेली. अध्यक्ष होते.

"सर, ही आपलीच शाल न्हाई का? रस्त्यात अशी... बरं दिसतं का? अन् किती वेळ? परभणीला मीटिंग हाय मला."

मागे पाय घासल्याचा आवाज ऐकू येत होता. काका त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. मधे एकदा थांबले, वाकले, चपलेचा अंगठा नीट केला, गाडीच्या चाकांकडे ड्रायव्हरच्या नजरेने बघितलं आणि पुन्हा निघाले. हॉर्न परत वाजला. मी शाल आणखी वर धरली. हात भरून आले.

बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "टिंग टिंग."