मुलुंडची हवा आणि वाळ्याचे पडदे

पृथ्वी वाचवण्याची जबाबदारी आता हॉटेलांनी आपल्या खांद्यावर घेतली आहे. हे मला अंधेरीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या न्हाणीघरात, टॉवेलवर ठेवलेल्या चिठ्ठीवरून कळलं. टॉवेल खुंटीवर ठेवलात तर पाणी वाचेल, जमिनीवर टाकलात तर आम्ही धुऊ, असं तिच्यात चांगल्या कागदावर छापलं होतं. मी टॉवेल खुंटीवर ठेवला आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत कुणीतरी तो बदलून ठेवला होता.

खरं तर साताऱ्याहून मी निघाले होते मुलुंडला, मामेभाऊ विजूकडे. आधी अंधेरीचा मुक्काम घडला तो भाच्यामुळे. त्याच्या कंपनीला या हॉटेलात एक खोली फुकट मिळणार होती. "मावशी, एक रात्र राहून तर बघ. फुल इको-फ्रेंडली आहे," असं म्हणून त्याने ती माझ्या गळ्यात मारली.

माझं लहानपण याच भागात गेलं. हॉटेल उभं आहे तिथे तेव्हा भय्यांचा तबेला होता आणि आम्ही किटली घेऊन दूध आणायला यायचो. आता लॉबीत काळ्या दगडाचा धबधबा आहे. म्हशींना बहुधा इतकं पाणी लागत नसावं.

खोलीत लाकडी कंगवा होता, प्लास्टिकच्या पिशवीत. बांबूचा टूथब्रश कागदी डबीत होता, आणि ती डबी प्लास्टिकच्या पिशवीत. मी एसी बंद केला आणि खिडकी उघडायला गेले, तर तिला कडीच नव्हती. खाली फोन लावला.

"मॅडम, खिडकी फिक्स असते. सेफ्टी."

"मग पंखा कुठे आहे?"

"पंखा नाही मॅडम. एसी इको मोडवर टाकून देऊ का?"

सकाळी मेट्रोने घाटकोपर गाठलं. पूर्वी अंधेरीहून घाटकोपरला बसने येताना आई स्वेटरची एक बाही विणून काढायची. आता चष्मा पुसेपर्यंत घाटकोपर येतं. स्टेशनबाहेरच्या गल्लीत डोशाची गाडी दिसली. फलकावर चीज, पनीर, शेजवान आणि चॉकलेट असे प्रकार होते. मी साधा डोसा मागितला.

"साधा?" गाडीवाल्याने माझ्याकडे काळजीने पाहिलं. "बरं नाही का मॅडम?"

तो साधा डोसा खाऊन मी रिक्षाने मुलुंडला निघाले. आम्ही ज्याला आग्रा रोड म्हणायचो त्या रस्त्याला दुसरं नाव मिळूनही बरीच वर्षं झाली. तेव्हा दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती होत्या, आता तिथे मॉल आहेत. गर्दी तेवढीच आहे.

एके काळी मुंबईची माणसं मुलुंडला हवापालटासाठी यायची, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. डॉक्टर सांगायचे, महिनाभर मुलुंडला राहा. अशा माणसांसाठी मामांनी डोंगराकडच्या बाजूला लॉज काढलं होतं. एकमजली, कौलारू, पुढे व्हरांडा. मे महिन्यात मीही तिथेच असायची. मामा आधी नागपूरकडे नोकरीला होते. तिथून त्यांनी वाळ्याचे पडदे आणले होते. वाळा म्हणजे सुगंधी गवताची मुळं. त्यांचे जाड पडदे खिडक्यांना लावायचे आणि दुपारी त्यांवर पाणी मारायचं. मुंबईच्या दमट हवेत त्यांनी गारवा किती येत असेल हा शास्त्राचा प्रश्न आहे. वास मात्र असा यायचा की उकाड्याची तक्रार करायचं राहून जायचं.

विजूने मला बोलावलं होतं त्याला कारण होतं. मुलुंडमागच्या डोंगरात पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आणणारी एक सहल कंपनी आहे. शाश्वत पर्यटनाचं प्रमाणपत्र असलेल्या ठिकाणीच ती पाहुणे उतरवते. ते प्रमाणपत्र मिळालं तर लॉज चालणार होतं. नाही मिळालं, तर त्याच्या धाकट्या भावाने, प्रकाशने, दिवाळीची मुदत दिली होती, त्यानंतर जागा बिल्डरला. दोघांचा वाटा सारखा. आणि प्रकाशचं काही चूक होतं असंही नाही, वर्षातले सहा महिने खोल्या रिकाम्याच असतात. तपासणी दुसऱ्या दिवशी होती.

"तू नुसती बाजूला बस गं," विजू फोनवर म्हणाला होता. "मला धीर येतो."

व्हरांड्यात पाय ठेवला आणि मला लॉज ओळखू येईना. वाळ्याचे पडदे गेले होते, त्यांच्या जागी चकचकीत जांभळे पडदे. मामींच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या गेल्या होत्या, पलंगांवर निसरड्या नव्या चादरी. माठ दिसत नव्हता. कोपऱ्यात सीलबंद पाण्याच्या बाटल्यांची खोकी रचलेली, आणि प्रत्येक खोलीत भाड्याने आणलेला एसी. पाहुणे यायचे म्हणून आपण घरातलं रोजचं सगळं माळ्यावर (छताखालच्या सामानाच्या जागेत) कोंबतो आणि कपाटातलं ठेवणीतलं काढतो, तसंच विजूने अख्ख्या लॉजचं केलं होतं.

"विजू, अरे, त्यांना जुनंच बघायचं असेल," मी म्हटलं.

"काय बघायचं असेल? फाटक्या साड्यांच्या गोधड्या? बाबांची अब्रू काढू?"

"ताई, मी सांगून दमले," आतून सुषमा, त्याची बायको, म्हणाली. "माझं कोण ऐकतंय."

तपासणीला आल्या निकिता मॅडम. पाठीवर सॅक, हातात टॅब, वय तिशीच्या आत. सुषमाने त्यांच्यापुढे पपईच्या फोडी ठेवल्या, विजूने पाण्याची बाटली उघडून दिली. एसी घरघरत होता. प्रश्न सुरू झाले.

"उरलेल्या अन्नाचं काय करता?"

"उरत नाही."

"थोडं तरी उरत असेल ना?"

"फेकून देतो, लगेच. आमच्याकडे शिळंपाकं काही ठेवत नाहीत, मॅडम."

मागच्या अंगणात मामांच्या काळापासून खताचा खड्डा आहे. विजूने त्यावर आदल्या दिवशी पत्रा टाकला होता.

"जुन्या चादरी, टॉवेल?"

"टाकतो. सरळ टाकतो." दारात उभ्या असलेल्या सुषमाच्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. त्यावर लॉजचं नाव अजून वाचता येत होतं. तिने हात मागे घेतला.

"आंघोळीला बादली की शॉवर?"

"शॉवर," विजू ताठ बसत म्हणाला. "बादल्या कालच काढून टाकल्या."

मॅडम टॅबवर बोट टेकवत गेल्या. त्यांचा चेहरा प्रत्येक उत्तराला जरा पडत होता, आणि विजूला वाटत होतं की त्या प्रभावित झाल्या आहेत. मी म्हटलं, "विजू, खरं काय ते सांग ना."

"ताई, तू थांब."

तेवढ्यात सगळे एसी एकदम बंद पडले. पंखेही थांबले. मामांच्या काळातल्या वायरिंगला इतकी सवय नव्हती. बाहेर मे महिन्याची दुपार होती. जांभळ्या पडद्यांतून वाऱ्याची झुळूकसुद्धा येईना. विजू फ्यूजच्या बोर्डाकडे धावला आणि नुसता बघत उभा राहिला. मॅडम ओढणीने वारा घेऊ लागल्या.

"बघत काय बसलात?" सुषमा म्हणाली. "माळ्यावरचे पडदे काढा खाली."

"अगं, आत्ता?"

"मग कधी? त्या गेल्यावर?"

तिनेच स्टूल ओढलं. मी खालून धरलं. जांभळे पडदे सारून तिने वाळ्याचे लावले आणि तांब्याने पाणी मारलं. आणि तो वास आला. मी एकदम दहा वर्षांची झाले. मामा आरामखुर्चीत पेपर वाचताहेत, मामी कैऱ्या किसताहेत, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हवापालट करत घोरतंय.

"वाळा आहे ना हा?" मॅडमनी विचारलं.

विजूने मान खाली घातली. "जुना आहे. टाकणारच होतो."

"टाकणार कुठे," सुषमा म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आणि मॅडम, उरलेलं आम्ही फेकत नाही. मागे खड्डा आहे. मघाशी खाल्लीत ती पपई त्याच खतावरची."

"सुषमा, पुरे."

"काय पुरे? बाई घामाने भिजल्यात आणि तुम्हाला अब्रू सुचतेय."

मॅडम पडद्याला हात लावून उभ्या होत्या. "आमच्या अकोल्याला आजीकडे होते," त्या म्हणाल्या. "आजी गेली, मग कूलर आला." त्यांनी बाटली बाजूला सारली. "माठ आहे का हो?"

माठ खाली आला. त्याच्यामागून बादल्या आल्या, गोधड्या आल्या. जेवणात आमटी, भात, कैरीची डाळ. जेवून मॅडम व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत जरा टेकल्या आणि चक्क झोपल्या. आम्ही तिघं दबक्या आवाजात बोलत बसलो. विजूचं म्हणणं होतं, सगळी वाट लागली. प्रकाशला आजच फोन करून टाकतो.

जाग आल्यावर मॅडम ओशाळल्या, तोंड धुतलं, आणि टॅब पुन्हा उघडला. "मघाची उत्तरं मी पुसते," त्या म्हणाल्या. "परत विचारते. या वेळी खरं सांगा, काका."

मग विजूने गुन्हा कबूल करावा तशा आवाजात एकेक सांगायला सुरुवात केली. हो, टॉवेल फाटला की फडकं करतो. हो, एका बादलीतच आंघोळ, दुसरी मागितली तर बाबा कारण विचारायचे. हो, भांडी घासलेलं पाणी अळूला. मॅडम भराभर लिहीत होत्या. एकदाच थांबल्या.

"वाळ्याच्या पडद्याला रकाना नाहीये. 'इतर'मध्ये टाकते."

दोन दिवसांनी मी साताऱ्याच्या बसमध्ये बसले. खंबाटकीचा घाट येईपर्यंत मनात मामाच होते. पर्यावरण हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. पाहुण्यांना हसू येईल इतके ते चिकट होते, आणि पाहुणे दरवर्षी पुन्हा येत. हॉटेलांनी काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण खिडकी उघडत असेल, पाणी माठातलं असेल आणि उरलेलं अन्न झाडाला जात असेल, तर चिठ्ठी छापायची गरज पडत नाही, एवढं मी माझ्या लहानपणावरून सांगू शकते.

पावसाळा संपता संपता विजूचा फोन आला. प्रमाणपत्र मिळालं, पहिले पाहुणे थंडीत येणार, प्रकाशने जागा विकायचं तूर्तास सोडून दिलं. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांनी मात्र आपली जागा बिल्डरला दिली. तिथे टॉवर उभा राहतोय. पुढच्या मे महिन्यात मी मुलुंडला गेले तेव्हा त्याची सावली दुपारभर लॉजवर पडलेली होती. वाळ्याचे पडदे त्या उन्हाळ्यात लावावे लागले नाहीत.